साडेदहाच्या आत पोचायचं

९ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉलतिकीट आलं. केंद्र धाकटीच्या गावात!

येणारच होतं, मीच लिहिलं होतं. सप्टेंबरात दहावीचा फॉर्म भरताना रात्रशाळेच्या मास्तरीणबाईंनी विचारलं, केंद्र कुठलं टाकू. मी म्हटलं, माझी धाकटी बहीण राहते तिथलं टाका, चार पेपर तिच्याकडे राहून देईन. तेव्हा आमचं बोलणं होतं. नोव्हेंबरात आई गेली. त्याच आठवड्यात मी सगळ्यांच्या देखत धाकटीला म्हटलं — आई तीन आठवडे खाटेवर होती, तू चार तासांवर राहतेस, परदेशात नाही. गाडीभाड्याला महाग झाली होतीस का? तिनं चप्पल घातली आणि गेली. तेव्हापासून तिचा फोन नाही आणि माझाही नाही.

मी खोटं बोलले असं मला अजून वाटत नाही. पण आता चारदा तिच्या गावात जायचंय आणि तिच्या दारात उभं राहायचं नाही.

केंद्र बदलून मिळतं का विचारलं. नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

रोज अर्धं पान लिहा, हात बसतो — हे मास्तरीणबाईंचं. माझ्या पोरीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल, आणि मी तिला अहो-जाहो करते. काय लिहू विचारलं तर म्हणाली, काहीही, मी वाचणार नाही. हे बरं.

आज चादरी सुकवायचा रोलर बिघडला. दोनशे चादरी हातानं झटकून वाळत घातल्या. इस्पितळाच्या धुलाईत मला अकरा वर्षं झाली. चादरी, रुग्णांचे गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे. अकरा वर्षं टेंपररी. साहेबांनी भिंतीवर कागद चिकटवलाय — जूनच्या आत दहावी पासचा दाखला आणेल तो कायम, बाकीचे ठेकेदाराकडे. ठेकेदार म्हणजे निम्मा पगार आणि मनात येईल तेव्हा घरचा रस्ता. माझी पाचवी. म्हणून दोन वर्षं रात्रशाळा. ही परीक्षा हुकली तर पुढची ऑक्टोबरात, आणि ऑक्टोबरात त्या दाखल्याची पुडी बांधायची.

एक पेपर चुकला तरी संपलं. चारही द्यायचेत.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सुटल्यावर स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीतला माणूस माझ्याकडे न बघताच बोलतो.

जलद गाडी पहिली सातची. अकराला पोचते. पेपर साडेदहाला, आणि साडेदहाला दार बंद म्हणजे बंद, हॉलतिकिटावर ठळक लिहिलंय. म्हणजे जलद गाडी जलद असून उपयोग शून्य. साधी गाडी पहाटे पाचची, दहाला पोचते. मी विचारलं, दहाला म्हणजे दहाला? तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. म्हणाला, पोचली तर दहाला.

पोचली तर! हे काय उत्तर आहे?

आदल्या दिवशी जाऊन लॉजमध्ये राहावं म्हणून दोन ठिकाणी फोन केला. एकानं सांगितलेलं भाडं ऐकून मीच फोन ठेवला. दुसरा म्हणाला, एकट्या बाईला खोली देत नाही. मी म्हटलं, मग दुकट्या बाईला देतोस का? त्यानं ठेवला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

इस्पितळाची गाडी मंगळवारी तिकडे औषधं आणायला जाते. पहिला पेपर मंगळवारीच! ड्रायव्हर म्हणाला, बसा पुढं, कोण बघतंय. मुकादम बघत होता. संध्याकाळी बोलावून म्हणाला, बाई, सरकारी गाडीत तुम्हाला काही झालं तर भरायचं कोणी?

मला काही होणार नाही म्हटलं. ऐकलं नाही. बाकीचे तीन पेपर तर मंगळवारी नाहीतच, तेव्हा जाऊ दे.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पॅसेंजर आहे! रात्री बारा वीसला सुटते, पहाटे चार चाळीसला तिकडे. भाडं बसच्या पाव. खोलीचा खर्च नाही, रात्र डब्यात जाते. चार चाळीसपासून साडेदहापर्यंत फलाटावर बसायचं आणि अभ्यास करायचा. परत यायला दुपारची साधी बस, रात्री नऊच्या आत घरी, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. खाडे चारच पडतील.

रात्रशाळेत रिक्षावाला माझ्या शेजारी बसतो. त्याचं केंद्र इथलंच. सगळं ऐकून म्हणाला, मावशी, आमची नुसती परीक्षा, तुमची तर सहल आहे.

पोरगी मात्र भात ढवळता ढवळता म्हणाली, "आई, तू सगळी वेळापत्रकं पालथी घालशील, पण मावशीला एक फोन नाही करणार."

तू तुझं कॉलेज बघ म्हटलं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

बसचं विद्यार्थी सवलत कार्ड काढलं. साध्या गाडीला निम्मं तिकीट. परतीचे चार प्रवास निम्म्यात होतात.

खिडकीतला म्हणाला, मुलीला पाठवा, जिचं कार्ड तिनंच यावं लागतं. मी म्हटलं, मीच ती. त्यानं आतल्या दुसऱ्याला हाक मारली — अरे बघ, विद्यार्थिनी आलीय. दोघं मनसोक्त हसले. मी म्हटलं, दात दाखवून झाले असतील तर शिक्का मारा. मारला. नेमका फोटोच्या तोंडावर. आता कार्डावर नुसता पदर आणि एक कान दिसतोय.

२१ फेब्रुवारी, बुधवार

मास्तरीणबाई म्हणाल्या, सवलत घर ते शाळा एवढ्याच रस्त्याला असते, परगावच्या केंद्राला जायचं तर मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. दहा मिनिटं थांबा, ते येतील, सही घेऊ. मी पाच मिनिटं थांबले. घरी डाळ शिजत घातलेली, पोरगी क्लासला, आणि हे साहेब कधी वेळेवर आलेत? निघाले. कोण विचारतंय पत्र. कार्ड आहे, हॉलतिकीट आहे, आणखी काय कपाळावर गोंदून घेऊ?

२६ फेब्रुवारी, सोमवार

गणित जमत नाही. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची. बिंदू बाहेर आहे तर राहू दे ना बाहेर!

४ मार्च, सोमवार

आज रात्री निघायचं. पिशवीत हॉलतिकीट, कार्ड, दोन पेनं, कंपासपेटी, डबा, पाण्याची बाटली, शाल. पोरगी स्टेशनपर्यंत येते म्हणते. नको म्हटलं, परत येताना तू एकटी. तर म्हणाली, आणि तू जाताना कितीजणी आहेस?

६ मार्च, बुधवार

काल लिहायला त्राण नव्हतं. आज लिहिते.

डब्यात बसायला जागा मिळाली, पाय मात्र कुणाच्या तरी गाठोड्यावर. चार पन्नासला उतरले. बायकांच्या प्रतीक्षालयाला कुलूप. किल्ली कोणाकडे, कोणाला माहीत नाही. फलाटावर खांबाला लागून एक बाक होता, तिथं पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून बसले. अंधार. एक माणूस समोरून गेला. परत आला. तिसऱ्यांदा बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला आणि विचारलं, कुठं जायचंय, कोणी न्यायला येणार का. मी कंपासपेटीतून कर्कटक काढलं आणि मुठीत धरलं. तो थोडा जवळ सरकला. मग माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी बघितलं आणि उठून निघून गेला.

कर्कटकाला भ्याला असेल.

मग उजाडेपर्यंत डोळा मिटायचा नाही असं ठरवलं आणि कधी झोपले कळलं नाही. जागी झाले तर सात वाजलेले. पिशवी जागच्या जागी. मागून कोणी आलं नाही, गेलं नाही. नशीब.

नळावर तोंड धुतलं. शाळा स्टेशनपासून वीस मिनिटं चालत. मध्ये धाकटीची गल्ली लागते. मी पलीकडच्या बाजूनं गेले.

पेपर भाषेचा. निबंध — ‘माझा प्रवास’. हसू आलं. दीड पान लिहिलं.

७ मार्च, गुरुवार — रात्री

दुसरा पेपर, विज्ञान. आज पहाटे तोच बाक. पोलीस हटकायला आला, हॉलतिकीट दाखवलं, तर त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, झोपा मावशी. इतकंच. शहाणा माणूस.

वर्गात माझ्यापुढं एक पोरगी, माझ्या पोरीहून लहान. पेपर सुरू व्हायच्या आधी रडत होती. मी म्हटलं, रडून झालं की पेन उघड. उघडलं तिनं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं कार्ड बघितलं, मला बघितलं, निम्मं तिकीट फाडलं. पत्र-बित्र कोणी मागितलं नाही. सांगितलं होतं मी.

९ मार्च, शनिवार

मुकादम म्हणाला, बाई, चादर घडी करताना पुटपुटता काय? सनावळ्या. सोमवारी इतिहास-भूगोल.

पाठ आखडलीय. रोलरवर वाकलं की कळ येते.

११ मार्च, सोमवार

तिसरा झाला. बरा गेला. एक राहिला. बुधवारी गणित.

येताना बसच्या खिडकीतून धाकटीच्या नवऱ्याचा टेम्पो दिसला, निळा, खुर्च्या-कपाटं वाहायचा. मी मान खाली घातली. तो भला माणूस आहे. त्याच्याशी माझं काही नाही. पण त्याच्याशी बोललं की तिच्याशी बोलल्यासारखं होतं.

१२ मार्च, मंगळवार

गाडी रद्द!

रात्री नऊला स्टेशनवर चौकशीला गेले म्हणून कळलं. रुळांचं काम, आज-उद्या पॅसेंजर नाही. फळ्यावर खडूनं लिहिलंय, तेही कोपऱ्यात. मी चौकशीला न जाता थेट साडेअकराला पोचले असते तर?

आता पाचची साधी बस. पोचली तर दहाला.

पोरगी म्हणाली, आताही शेवटची जलद आहे दहाला, ती धर, रात्री मावशीकडे — मी पुढं ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं बहुतेक. पण दोनला रात्री तिच्या दारात उभं राहून म्हणू काय? मला गरज पडली म्हणून आले?

नाही.

१३ मार्च, बुधवार

सगळं लिहून ठेवते. नाही लिहिलं तर उद्या मलाच खोटं वाटेल.

पाचची गाडी सव्वापाचला सुटली. कंडक्टर पोरगेला, बरा होता. निम्मं तिकीट दिलं. प्रत्येक खेड्यावर थांबत, दुधाच्या किटल्या चढवत-उतरवत गाडी चालली. मी घड्याळ बघत होते आणि मांडीवर सूत्रं. पावणेआठला एका फाट्यावर गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला जीप, आणि तपासनीस वर चढला.

माझं कार्ड हातात घेतलं. म्हणाला, हे कोणाचं? माझं. त्यानं फोटो बघितला — पदर आणि कान. फोटोत तर काहीच दिसत नाही, म्हणाला. मी म्हटलं, तुमच्याच खिडकीतल्यानं शिक्का मारलाय. हॉलतिकीट काढून दाखवलं. तेव्हा त्याला पटलं की मीच विद्यार्थिनी. मग म्हणाला, ठीक, पण सवलत घर ते शाळा. परगावच्या परीक्षेला शाळेचं पत्र लागतं. पत्र?

पत्र नाही.

पूर्ण तिकीट आणि दंड भरा. पूर्ण तिकिटाचे होते. दंडाचे नव्हते, पिशवी उलटी केली तरी नव्हते. कंडक्टर मध्ये पडला — साहेब, परीक्षा आहे बाईंची, सोडा. मागून एक म्हातारी पण म्हणाली, सोड रे तिला. तो विचारात पडला होता. मला दिसलं की तो विचारात पडलाय. अजून अर्धं मिनिट मी गप्प बसले असते तर त्यानं कार्ड परत दिलं असतं.

पण तो म्हणाला, या वयात कसली परीक्षा देता. आणि मी म्हणाले, "तुम्ही तरी शाळेत गेला होतात, की जन्मल्यावर थेट जीपमध्येच बसवलं?"

गाडीभर लोक हसले. त्याचे कान लाल झाले.

"उतरा," म्हणाला.

उतरले. गाडी गेली. त्याची जीप दुसऱ्या दिशेला गेली. फाट्यावर मी, एक बंद टपरी आणि एक कुत्रं. पंचाहत्तर किलोमीटर लिहिलेला दगड. पावणेआठ.

जलद गाड्या त्या फाट्यावर थांबत नाहीत. एक ट्रक आला, हात केला, गेला. दुसरा हळू झाला, आत तिघं होते, माझ्याकडे बघून हसले, मीच मागं सरकले. एक मोटारसायकलवाला थांबला, तो पुढच्याच वळणावर जाणार होता. आठ वाजले. सव्वाआठ. मनात हिशेब — आता गाडी मिळाली तर दहा. आता मिळाली तर सव्वादहा. साडेआठनंतर हिशेब करणं सोडलं. अकरा वर्षं चादरी झटकल्या, दोन वर्षं दिव्याखाली डोळे फोडले, आणि एका वाक्यासाठी फाट्यावर उभी आहे. मुख्याध्यापकांसाठी पाच मिनिटं थांबता आलं नाही आणि आता थांबलेच होते की.

आई तीन आठवडे खाटेवर असताना धाकटी का आली नाही, हे मी तिला विचारलं होतं. पण ते विचारणं नव्हतं. उत्तराला जागाच ठेवली नव्हती मी. तीही कुठल्या फाट्यावर अडकली असेल, हे उभ्या जन्मात पहिल्यांदा डोक्यात आलं. रडू नाही आलं. रागच आला, स्वतःचा.

आठ पस्तीसला समोरच्या बाजूनं निळा टेम्पो आला. माझ्यासमोर येऊन वळला. धाकटीचा नवरा!

"बसा ताई."

मी म्हटलं, तुम्ही इकडं कसे. तर म्हणाला, माल टाकायला आलो होतो, परत चाललोय. बसले. एवढीशी ती गाडी, पण अशी पळवली की मागच्या दोऱ्या, पट्ट्या सगळं आदळत होतं. मी घड्याळ बघत होते, तो रस्ता बघत होता. मग त्यानं विचारलं, आज कुठला?

गणित.

बाप रे, म्हणाला, आणि आणखी जोरात पळवली.

एका ठिकाणी गुरं आडवी आली. तो खाली उतरून हाकलत होता, मी आतून ओरडत होते. गावात शिरलो तेव्हा दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. शाळेच्या दाराशी दहा वीस. शिपाई साखळी हातात घेऊन उभाच होता. मी उतरले, आणि आभार मानायचे सोडून काय म्हणाले, तर — धाकटीला काही सांगू नका. त्यानं मान हलवली. पळा ताई, म्हणाला.

पळाले. या वयात! साडी गुडघ्यापर्यंत धरून.

पेपर कसा गेला माहीत नाही. वर्तुळ अंड्यासारखं आलं. स्पर्शिका काढली मात्र.

१४ मार्च, गुरुवार

कामावर. दोनशे दहा चादरी. पोरीला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण टेम्पोचं ऐकताना तोंड दुसरीकडे केलं. काय झालं विचारलं तर काही नाही.

२ एप्रिल, मंगळवार

मुकादमानं विचारलं, निकाल कधी. मे महिन्यात म्हटलं. ठेकेदाराचा माणूस येऊन यादी करून गेला. माझ्या नावापुढं प्रश्नचिन्ह.

२७ मे, सोमवार

पास. गणितात छत्तीस!

पोरीनं फोनवर तीनदा बघितलं, मी चौथ्यांदा बघायला लावलं. साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी वाचला, उलटा करून बघितला, मागं काय असणार? म्हणाले, जूनमध्ये ऑर्डर काढतो.

धाकटीच्या नवऱ्याचे आभार राहिलेत. उद्या करते फोन.

२८ मे, मंगळवार

केला. पास झाले म्हटलं, तुमच्यामुळे पोचले. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी माल-बिल काही नव्हता. तारखा तुमच्या पोरीनं दिल्या होत्या. ही पहिल्या पेपरापासून पहाटे स्टेशनवर असायची. तुम्ही झोपायचात, ही खांबाच्या मागच्या बाकावर जागी. तुम्ही उठून चालायला लागलात की घरी यायची. शेवटच्या रात्री पोरीचा फोन लागला नाही, हिनं साडेसहापर्यंत वाट बघितली, गाडीच नाही. धावत येऊन मला उठवलं, म्हणाली ताई बसनं निघाली असेल, रस्त्याला लागा. वाटेत साधी गाडी भेटली. कंडक्टर म्हणाला, एक बाई फाट्यावर उतरवलीय, फार बोलते. मग शोधायला काय वेळ लागतोय."

मी फोन ठेवून दिला.

थोड्या वेळानं परत लावला. म्हटलं, तिला द्या.